कॉलेजसाठी लॅपटॉप घेताय? आधी साइझ ठरवा, बाकीचं नंतर

ॲडमिशनच्या कॅप राउंडचं (केंद्रीय प्रवेश फेरीचं) ॲलॉटमेंट लागलं की घरात लॅपटॉपची चर्चा सुरू होते, त्यात प्रोसेसर येतो, रॅम येते, एसएसडी येते, मामाच्या ऑफिसमधला कुणीतरी सल्ला देतो, पण साइझवर फार कोणी बोलत नाही. दुकानात १५.६ इंचीच जास्त मांडलेले असतात आणि बाबा म्हणतात, मोठाच घे की, पैसे तर तेवढेच आहेत. ते अगदीच खोटं नाहीये, तेवढ्याच कॉन्फिगरेशनचा १४ इंची बऱ्याचदा थोडा महागच पडतो. पण स्क्रीन कमी पडली तर उद्या बाहेरून मॉनिटर लावता येतो, स्टोरेज कमी पडलं तर हार्ड डिस्क जोडता येते, वजन मात्र कशानेच कमी होत नाही, घेतलं तेवढं चार वर्षं पाठीवर. म्हणून माझं म्हणणं असं की ब्रँचवरून किंवा पिक्चर बघायला बरं म्हणून साइझ ठरवू नका, लॅपटॉप रोज कुठे उघडणार आणि तिथपर्यंत कसा नेणार ते बघून ठरवा.

आधी त्या इंचांचं बघू. १४ किंवा १५.६ हे माप स्क्रीनचं तिरकं असतं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून उंची कळत नाही. हल्ली मुख्यतः दोन आकार येतात, १६:९ आणि १६:१०, म्हणजे रुंदी १६ भाग धरली तर उंची ९ किंवा १० भाग. १५.६ इंची स्क्रीन १६:९ ची असेल तर ती साधारण ३४.५ सेमी रुंद आणि १९.४ सेमी उंच असते. १४ इंची १६:१० ची असेल तर रुंदी ३०.२ आणि उंची १८.८ सेमी. म्हणजे उंचीत फरक फक्त अर्ध्या सेमीच्या आसपास! आणि आपण कॉलेजात जे करतो, पीडीएफ वाचणं, कोड लिहिणं, असाइनमेंट टाइप करणं, त्यात उंचीच लागते, रुंदी पिक्चरला लागते. तसंच १६ इंची १६:१० ची रुंदी १५.६ इतकीच भरते पण उंची २१.५ सेमी होते, त्यामुळे मोठा घ्यायचाच असेल तर १५.६ पेक्षा १६ बघा, फक्त वजन बघून. रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरचे आडवे आणि उभे ठिपके, १४ ला १९२० बाय १२०० मिळालं तर उत्तम, १५.६ ला निदान १९२० बाय १०८० हवंच. १३६६ बाय ७६८ वाला कोणी स्वस्तात देत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर या.

आता घरी बसून करायची टेस्ट. रद्दीतला पेपर घ्या आणि त्याचे दोन तुकडे कापा, एक ३६ बाय २४ सेमी, दुसरा ३१ बाय २२ सेमी. पहिला म्हणजे साधारण १५.६ इंची लॅपटॉप, दुसरा म्हणजे १४ इंची, जो आपल्या ए-फोर कागदापेक्षा थोडासाच मोठा असतो. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला किंवा फी भरायला कॉलेजला जाल तेव्हा हे तुकडे घेऊन जा आणि बेंचवर ठेवून बघा, शेजारी एक लाँगबुक ठेवा. जिथे खुर्चीलाच लिहायचं पॅड जोडलेलं असतं तिथे ३६ सेमीवाला तुकडा बाहेर लटकतो आणि वहीला जागा उरत नाही, मग मुलं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. लायब्ररीतही बघा. एमपीएससीवाले पुण्यात सदाशिव पेठेत ज्या अभ्यासिकांमध्ये बसतात तिथे एका माणसाला मिळणारं टेबल किती असतं ते बसणाऱ्यांना माहितीये, पुस्तकांच्या ढिगातून उरलेल्या जागेत १३-१४ च्या वर जाऊच नका.

वजनाकडे जरा जास्त वेळ द्या. बॉक्सवर किंवा वेबसाइटवर जे लिहिलेलं असतं ते नुसत्या लॅपटॉपचं, चार्जर वेगळा. ढोबळमानाने १४ इंची १.३ ते १.५ किलो, साधा १५.६ इंची १.६ ते १.८ किलो, आणि गेमिंगवाले २.२ ते २.५ किलो, शिवाय त्यांचा १८० किंवा २३० वॅटचा चार्जर, जो म्हणजे अर्धी वीटच. हातात धरून दुकानात सगळे हलकेच वाटतात. त्यापेक्षा कॉलेजच्या बॅगेत तीन किलो तांदूळ भरा, वर डबा, पाण्याची बाटली, दोन जर्नल आणि छत्री टाका आणि ज्या रस्त्याने कॉलेजला जाणार त्याच रस्त्याने एकदा जाऊन या. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने जाणाऱ्याला बॅग पुढे छातीवर घेऊन उभं राहावं लागतं, तिथे अर्धा किलोसुद्धा जाणवतो आणि जाड लॅपटॉप असेल तर शेजारचा बोलतो ते वेगळंच. पुण्यात टू-व्हीलरवाल्यांचं तसं बरं, पण पावसात बॅगेला रेन कव्हर लागतं आणि फुगलेल्या बॅगेवर ते नीट बसत नाही. हॉस्टेलवाल्यांचा हिशोब पूर्ण वेगळा, रूमपासून वर्ग दहा मिनिटांवर आणि लॅपटॉप नव्वद टक्के वेळ रूममध्येच, त्यांनी खुशाल १६ घ्यावा.

ब्रँचचं थोडक्यात. कॉम्प, आयटीवाल्यांना १४ पुरतो. मेकॅनिकल, सिव्हिलला कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला, मोठी स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्ड बरं पडतं, पण पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी हाताने ड्रॉइंग काढायचा ड्राफ्टर आणि शीटच चालतात, सिनिअरला विचारा नेमकं कधी लागतं ते. मॅक घ्यायचा विचार असेल तर सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही कॅडची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत हे आधीच लक्षात घ्या. आर्किटेक्चरला १६ घेतला तर मी काहीच बोलणार नाही, त्यांच्या पाठीवर तसंही शीटचं नळकांडं असतंच. कॉमर्स, सीएवाल्यांना टॅली आणि एक्सेलसाठी उजवीकडचा नंबरपॅड हवासा वाटतो आणि तो १४ मध्ये शक्यतो नसतो, पण त्यासाठी मोठा लॅपटॉप घ्यायची गरज नाही, यूएसबीचा सुटा नंबरपॅड काहीशे रुपयांत मिळतो. शिवाय नंबरपॅडमुळे टचपॅड आणि मुख्य कीबोर्ड डावीकडे सरकतात आणि टाइप करताना माणूस थोडा वाकडाच बसतो. लॉ, आर्ट्स, मेडिकलला १३ किंवा १४. आणि गेमिंगसाठीच मोठा हवा असेल तर घरी तसं सांगा ना, एआयच्या प्रोजेक्टला लागतो असं कशाला सांगायचं, चार्जर बघून आईला कळतंच.

१४ घेऊन रूमवर स्क्रीन लहान वाटली तर साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर आठ-दहा हजारांच्या आसपास येतो, सोबत कीबोर्ड आणि माउस, झालं. फक्त लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे का बघा, कारण टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून डिस्प्ले मिळतोच असं नाही, ते स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं लिहिलेलं असतं.

बॅटरीचं असं आहे की मोठा लॅपटॉप म्हणजे मोठी बॅटरी असं अजिबात नसतं. स्वस्तातल्या १५.६ मध्ये ४२ वॅट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते आणि एखाद्या १४ मध्ये ७० ची, तर वॅट-अवरचा आकडा बघा, बारा तास चालते वगैरे जाहिरात बघू नका. वर्गात सॉकेट शेवटच्या बेंचवर एखादं असतं आणि तेही चालू असेल तर.

शेवटी दुकानात जाताना सिलॅबसची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन जा, डेमोच्या लॅपटॉपवर उघडा, विंडोजचं स्केलिंग (अक्षरं मोठी दाखवायचं सेटिंग) १२५ टक्क्यांवर ठेवून हातभर अंतरावरून वाचून बघा, चष्मा असेल तर चष्मा लावून. डोळे बारीक करावे लागत असतील तर १३ सोडा, १४ बघा. ऑनलाइन स्वस्त मिळत असेल तर जरूर मागवा, पण आधी तोच साइझ कुठल्यातरी दुकानात हातात घेऊन, कारण लॅपटॉप बिघडलेला निघाला तर बदलून मिळतो, मोठा वाटला म्हणून सहसा परत घेत नाहीत. आणि फुकट मिळणारी बॅग १५.६ ची लिहिलेली असली तरी १६ इंची जाडजूड लॅपटॉप तिच्यात जाईलच असं नाही, तिथल्या तिथे घालून चेन लावून बघा.