मोटरहोमचे टायर बदलताना
आधी गाडी वजनकाट्यावर न्या, तीही पाणी, गॅस, सामान, माणसं असं सगळं भरून. प्रत्येक अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसाचं, वजन वेगळं घ्या. जमलं तर प्रत्येक चाकाचं, कारण भार क्वचितच दोन्ही बाजूंना सारखा असतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा, त्या भारापेक्षा वरचाच हवा: 116 म्हणजे एका टायरला 1250 किलो, 121 म्हणजे 1450. मागे जोडचाकं असतील तर टायरवर लिहिलेल्या लोड इंडेक्सच्या दोन आकड्यांतला लहान धरा.

टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा. मोटरहोम उभीच जास्त असते. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयानेच तडकतं. म्हणून जुना साठा घेऊच नका. व्हॉल्व्ह धातूचे बसवा. साधे रबरी मोटरहोमच्या टायरमधल्या जास्त हवेच्या दाबासाठी बनवलेले नसतात.