गुडघेदुखीत काठी वापरताना या चुका टाळा

गुडघ्याच्या संधिवातासाठी काठी सुचवली की बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात: कुठे मिळेल आणि केवढ्याला मिळेल. ती कोणत्या हातात धरायची, किती उंचीची हवी, तिच्यावर भार किती द्यायचा, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण काठी वापरायला शिकावे लागते असे कोणाच्या मनातच येत नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ रुग्णांकडे काठी आधीपासूनच असते, आणि तिचा त्यांना काहीही उपयोग होत नसतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, गुडघ्याच्या झिजेमुळे चालणे अवघड झालेल्यांसाठी काठीची ठाम शिफारस आहे. म्हणजे उपाय चांगला आहे. तो रोज वाया जाताना पाहावा लागतो, म्हणून हे लिहीत आहे.

दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात. "अहो, दुखतो तो उजवा, मग काठी डावीकडे कशाला?" असे मला विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला दुकानदाराने, शेजाऱ्याने, कधी कधी घरातल्या शिकल्यासवरल्या मुलानेही उजव्याच हाताचा सल्ला दिलेला असतो.

चालताना एक पाय उचललेला असतो तेव्हा शरीराचा सगळा भार दुसऱ्या पायावर असतो, पण शरीराचा मध्य त्या पायाच्या नेमका वर नसतो. तो थोडा आतल्या बाजूला असतो. त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण अधिक पडतो, आणि बहुतेकांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, आधी तिथेच झिजते. पुढे पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागतात ते याच कारणाने. काठी विरुद्ध हातात असली की शरीराच्या ज्या बाजूला त्या क्षणी खाली काहीच आधार नसतो, तिथे ती आधार देते आणि दुखऱ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण कमी होतो. शिवाय उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जाणे ही शरीराची मूळचीच लय आहे, त्यामुळे विरुद्ध हातातली काठी चालीत सहज मिसळते. तीच काठी दुखऱ्या बाजूला धरली की माणूस त्या बाजूला झुकत चालतो, आणि ज्या गुडघ्याचा भार कमी करायचा त्याच्यावरच अंग टाकतो. असे काही महिने चालले की गुडघ्याच्या जोडीला खांदा आणि कंबरही दुखू लागते.

म्हणून दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरावी. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकावा, मग धड पाय आणावा. काठी पावलाच्या बाजूला साधारण १५ सेंटिमीटरवर टेकावी, फार पुढे नेऊ नये. मी पहिले काही दिवस रुग्णांना ओटीवर किंवा पडवीत चालवते आणि "काठी नि दुखरा, मग धड" असे मोठ्याने म्हणायला लावते. लहान मुलासारखे वाटते अशी तक्रार होते, पण जे म्हणतात त्यांची चाल लवकर बसते. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. "डाव्या हाताला सवय नाही" ही सबब मी मानत नाही; सवय लागते.

बाजाराच्या पिशवीमुळेही हात बदलतो. काठीच्या हातात पिशवी येते, काठी दुसऱ्या हातात जाते आणि माणूस तसाच घरापर्यंत चालतो. खांद्याला अडकवायची झोळी किंवा पाठीवरची सॅक वापरली की हा प्रश्नच उरत नाही.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे काठी योग्य हातात धरूनही तिच्यावर भार न देणे. काठी जमिनीला नुसती स्पर्श करत जाते आणि गुडघा पूर्वीइतकाच भार उचलत राहतो. मी दवाखान्यात वजनाचा काटा ठेवला आहे. त्यावर काठी टेकवून "नेहमी दाबता तेवढी दाबा" असे सांगितले की बऱ्याच जणांचा काटा एक-दोन किलोंच्या पुढे जात नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शरीराच्या वजनाच्या १०, १५ आणि २० टक्के भार काठीवर देऊन रुग्णांना चालवले होते, आणि काठीवरचा भार वाढत गेला तसतसा गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण कमी होत गेला. ६५ किलो वजनाच्या माणसासाठी १० टक्के म्हणजे साडेसहा किलो. तेवढा दाब हाताला कसा लागतो हे काट्यावर पाहून घेतले की अंदाज बसतो, आणि हे घरच्या काट्यावरही करता येते.

छत्रीलाच काठी मानणे

ही दुसरी चूक आमच्या भागात घरोघरी आहे आणि तिच्याविषयी मी कितीही बोलले तरी मला ते कमीच वाटते. काठी घेतली तर म्हातारे दिसू, छत्री घेतली तर कोणी काही म्हणणार नाही, एवढ्या एका विचाराने लांब दांड्याच्या काळ्या छत्रीला काठीचे काम दिले जाते.

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. डावा गुडघा दुखायचा आणि उजव्या हातात छत्री असायची, म्हणजे हात बरोबर होता. मी काठीचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "बाई, पावसाचे चार महिने छत्री हातात असतेच, आणखी एक ओझे कशाला?" जुलैमध्ये ते देवळातून उतरत होते. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, कडेला हिरवे शेवाळ, आणि मध्येच जोराची सर आली. त्यांनी कोणीही करील तेच केले: छत्री उघडून डोक्यावर धरली. इतका वेळ ज्या वस्तूवर भार देत ते उतरत होते, ती पायऱ्या सर्वांत निसरड्या झाल्या त्याच क्षणी जमिनीवरून उचलली गेली होती. पुढच्याच पायरीवर पाय सरकला, सावरायला उजवा हात खाली टेकला गेला आणि मनगटाचे हाड मोडले. डाव्या गुडघ्यासाठी काठी धरायची ती उजव्याच हातात, आणि तोच हात प्लास्टरमध्ये. कित्येक आठवडे त्यांना घरात बसून काढावे लागले, त्यात मांडीचे स्नायू इतके क्षीण झाले की खुर्चीतून उठायलाही कोणाचा तरी हात लागे. हाड जुळून आले, पण मांडीत पुन्हा ताकद यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

हे पाऊस पडत असतानाचे झाले. एरवीही छत्रीचे धातूचे टोक फरशीवर धरत नाही, तिची उंची आपल्या मापाची करता येत नाही आणि तिचा दांडा माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो. माझा आग्रह असा की पावसात रेनकोट घालावा, हातात काठी घ्यावी आणि छत्री घरी ठेवावी. लग्नकार्यात काठी गाडीत ठेवून कार्यालयात जाणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे, कारण सर्वांत जास्त उभे राहणे आणि जिने चढणे-उतरणे तिथेच होते.

उंचीचा अंदाज डोळ्याने घेणे

बाहेर जाताना घालता त्या चपला किंवा बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगावे. काठीची मूठ त्या उंचीवर हवी, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर साधारण २० अंशांत वाकते. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, आखूड झाली तर माणूस पुढे वाकतो. लाकडी काठी कापायची असेल तर टोकाच्या रबरासह माप घ्यावे आणि थोडी थोडी कापावी. परदेशातल्या मुलाने प्रेमाने पाठवलेली महागडी काठी एकदाही न मोजता वर्षानुवर्षे वापरणारे लोक मला भेटतात. ॲल्युमिनियमच्या काठीला बटण आणि भोके असतात; आपल्या भोकाजवळ रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी, कारण नातवंडे त्या बटणाशी हमखास खेळतात. बटण भोकातून पूर्ण बाहेर आले आहे आणि खालची कडी घट्ट आहे, हे बाहेर पडण्यापूर्वी हाताने तपासावे.

टोकाच्या रबरावरच्या रेघा पुसल्या गेल्या की रबर बदलावे. ते स्वस्त मिळते; मात्र काठ्यांची जाडी वेगवेगळी असते, म्हणून सर्जिकलच्या दुकानात जाताना काठी सोबत न्यावी.

जिन्यावर चढताना धड पाय आधी वर ठेवावा, मग दुखरा पाय आणि काठी आणावी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली जातो. कठडा असेल तर एक हात कठड्यावर आणि काठी दुसऱ्या हातात, मग ती दुखऱ्या बाजूला आली तरी चालेल. उंबरठा ही पायरीच समजावी. एसटीच्या पहिल्या उंच पायरीलाही हाच नियम आहे, दांडा धरूनच चढावे.

खुर्चीतून उठताना काठीवर जोर देऊ नये, खुर्चीच्या हातांवर द्यावा. न्हाणीघरात काठीपेक्षा भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा बरा. नळ आणि टॉवेल टांगायची दांडी धरून कोणीही उठू नये.

चार पायांची काठी जास्त सुरक्षित असते या समजुतीने ती घेणारे बरेच आहेत. तिचे चारही पाय एकाच वेळी टेकले तरच ती स्थिर असते, खडबडीत वाटेवर ती डुगडुगते आणि अरुंद पायरीवर मावत नाही. ज्यांचा तोल जातो, त्यांना तिचा उपयोग आहे. नुसत्या गुडघेदुखीला साधी काठी पुरते.

चार दिवसांत काठी कोपऱ्यात ठेवणे

"काठीने जास्तच दमायला होते" असे म्हणून आठवडाभरात काठी सोडणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांचे म्हणणे खोटे नसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका चाचणीत गुडघ्याचा संधिवात असलेले ६४ रुग्ण होते. त्यांतल्या अर्ध्यांना दोन महिने रोज काठी वापरायला दिली होती. पहिल्या महिन्यात काठीने चालताना शरीराची ऊर्जा बरीच जास्त खर्च होत होती, आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस, सवय झाल्यावर, हा वाढीव खर्च चिंता करण्याजोगा राहिला नव्हता. वेदनाही कमी झाल्या होत्या. तेव्हा सुरुवातीला थकवा येणारच. ज्यांना आज काठी घेऊन उद्या आराम हवा असतो, ते तिथेच सोडून देतात आणि तेल, पट्टा, आणखी एखादे नवे औषध यांच्यामागे लागतात. मी दोन महिने मागते आणि त्या काळात घरातल्या घरात चालतानाही काठी घ्यायला सांगते.

काठी मिळाली म्हणून मांडीचे व्यायाम बंद करणे हेही तसेच अपायकारक आहे. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याला पर्याय नाही: एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

हे सगळे नीट करूनही काठीवर सतत अंग रेलावे लागत असेल, हाताचे मनगट किंवा अंगठा दुखू लागला असेल, किंवा उभे राहताच तोल जात असेल, तर काठी पुरेशी नाही. रुंद मुठीची काठी, दोन काठ्या किंवा वॉकर यांचा विचार फिजिओथेरपिस्टला दाखवून करावा. गुडघा अचानक सुजून गरम झाला, सोबत ताप आला, पोटरी सुजली, किंवा चालताना गुडघा एकाएकी निसटू लागला, तर काठीच्या मापाशी खटपट करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.