उन्हाळ्यात वीज बिल दुप्पट झालं? एसी मेकॅनिकला बोलावण्याआधी या चुका टाळा

नागपुरातल्या आमच्या घराच्या मीटरवर लाल दिव्याशेजारी बारीक अक्षरात 3200 हा आकडा छापलेला आहे. दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं, असा त्याचा अर्थ. घरातलं बाकी सगळं, अगदी फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, बंद करा. फक्त एसी चालू ठेवा आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. 80 भरली तर त्या वेळी एसी साधारण 1500 वॅट ओढतोय. मीटरवर 1600 छापलं असेल तर तेवढ्याच विजेला 40 भरतील. हा आकडा एसीच्या पाटीवरच्या वॅटशी ताडून बघा. आसपास असेल तर मीटर खरं बोलतोय.

मग एसीही बंद करा. आता दिवा गप्प राहायला हवा. तरीही तो अधूनमधून लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जातेय: जुन्या वायरिंगमधून गळती, गच्चीवरच्या पंपाची विसरलेली लाइन किंवा आपल्या मीटरवरून गेलेली दुसऱ्याची तार. आमच्याकडे इन्व्हर्टर बंद असताना दिवा गप्प होता, एकटा इन्व्हर्टर चालू केला की लुकलुक सुरू: दोष त्याच्या म्हाताऱ्या बॅटरीचा निघाला. ती पूर्ण चार्ज होतच नव्हती, त्यामुळे इन्व्हर्टर रात्रंदिवस वीज खात होता. आम्ही मात्र सगळा दोष एसीला देत होतो.

बिलाची फक्त रक्कम बघणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी युनिट बघा, मग रीडिंगच्या दोन तारखा. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. पुढच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट मागच्यापेक्षा महाग. पण 301 वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महाग होतात, हा समज चुकीचा आहे. पहिली 100 युनिटं पहिल्याच दराने लागतात.

हिशेब करून बघा. दीड टनाचा साधा एसी 1.6 किलोवॅट ओढतो. रात्री दहा तासांपैकी सात तास कॉम्प्रेसर चालला तर दिवसाला अकरा युनिटं, महिन्याला 330 च्या पुढे. एरवी 180 युनिटं वापरणारं घर थेट 500 ओलांडतं. युनिटं तिप्पट होत नाहीत, पण वाढलेली बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यांत पडतात. शिवाय त्यावर टक्केवारीने वीज शुल्क लागतं. म्हणून रक्कम तिपटीच्या वर गेली तरी मीटर बिघडलाय असं लगेच म्हणता येत नाही.

बिलावर 'सरासरी' किंवा रीडिंग न मिळाल्याचा शेरा असेल तर मात्र सावध व्हा. दोन महिने अंदाजे बिल आलं आणि तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग घेतलं, की साठलेली सगळी युनिटं एकदम अंगावर येतात. ती तीन महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा फायदा दिलाय का, हे तपासा. दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवायची सवय इथे उपयोगी पडते. उन्हाळ्याच्या तोंडावर वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिलही येतं. तो वापराचा खर्च नव्हे. ती आपलीच ठेव असते आणि तिच्यावर व्याज मिळतं. दोन्ही रकमांची बेरीज करून घाबरू नका.

आता एसीकडे येते. 'मॅडम, गॅस संपलाय' हे वाक्य मी लागोपाठ दोन उन्हाळे ऐकलं आणि दोन्ही वेळा पैसे मोजले. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळती तशीच ठेवून भरला तर पुन्हा गळणारच. तिसऱ्या वर्षी आलेल्या एका वयस्कर मेकॅनिकने आधी आउटडोअर युनिटच्या नटापाशी बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही गळतीची खूण. त्याने साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखवले, तांब्याच्या नळीचं तोंड नव्याने बनवलं, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली आणि मगच वजनकाट्यावर ठेवून गॅस भरला. किती ग्रॅम, हे युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तेव्हापासून गॅस भरावा लागलेला नाही. आधीच्या दोन्ही वर्षी एसी कमी गॅसवर रात्रभर अखंड चालत होता. म्हणजे गॅसचे पैसे गेले ते गेलेच, वाढीव बिलही भरलं. याची चीड मला अजून आहे, कारण हे घराघरात होतं.

म्हणून गॅस भरू देण्याआधी एवढंच विचारा: 'गळती कुठे आहे, ती दाखवा.' व्हॅक्यूम न करता भरणाऱ्याला थांबवा. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-32 नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम अंदाजाने करायचं नाही.

आतल्या कॉइलवर बर्फ धरला तरी लगेच गॅसवर जाऊ नका. फिल्टरच्या जाळीत धूळ बसली की हवा कमी जाते आणि तेव्हाही बर्फ धरतो. तो वितळला की भिंतीवरून पाणी गळतं. विदर्भाच्या धुळीत एप्रिल-मेमध्ये जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. पंखा चालतोय, हवा साधीच येतेय आणि बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतंय, असं असेल तर बहुतेकदा कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करायला जोर देणारा भाग, गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे. 'कॉम्प्रेसर गेला' हे ऐकून नवा एसी घेण्याआधी तो तपासून घ्या. झाकण मात्र स्वतः उघडू नका, वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज शिल्लक असते. एसीचा प्लग गरम लागत असेल किंवा पिवळा पडला असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आग तिथून लागू शकते.

बाहेरच्या युनिटचे हाल आपणच करतो. गच्चीवर भिंतीला चिकटवून ठेवायचं, चोरीच्या भीतीने पत्र्याच्या पेटीत कोंडायचं, बाल्कनीत असेल तर त्यावर गोधड्या वाळत घालायच्या. खोलीतली उष्णता ते बाहेर फेकतं. तीच गरम हवा परत त्याच्या तोंडात गेली की कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. एसीची टनाची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे 45 च्या वर पारा जातो, तेव्हा तोच दीड टन दीड टनाइतकं काम करत नाही. त्याला सावली द्या, पण वारा अडवू नका.

आमच्या भागातली खास चूक म्हणजे त्याच खोलीत कूलर आणि एसी एकदम लावणं. कूलर हवेत ओल सोडतो. एसी ती ओल पाणी करून नळीवाटे बाहेर काढतो आणि त्यातच त्याची ताकद संपते. शिवाय कूलरसाठी खिडकी उघडी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी वाळ्याची ताटी लावलेला कूलर दोन-अडीचशे वॅटमध्ये खोली गार करतो. दुपार त्याच्यावर काढा, रात्री खिडकी लावून एसी. पाऊस आला की कूलर चिकचिक करतो, तेव्हा तो बंदच करा. कोकणात, मुंबईत बारा महिने दमट हवा असते, तिथे हा उपाय चालणार नाही.

रिमोटवर 16 लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो किंवा बंद असतो. 16 लावलं की फरक एवढाच पडतो, तो थांबत नाही. नव्या एसींना चालू करतानाचं मूळ तापमान 24 ठेवणं 2020 पासून बंधनकारक झालं, ते याचसाठी. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 26 आणि छताचा पंखा मंद, यावर आमच्या घरातली लहान मुलंही शांत झोपतात. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारा, असेल तर तो तासातासाला बंद-चालू करू नका. खोली गार झाली की तो हळू गतीवर येतो, आणि बचत तिथेच होते.

नवा एसी घेताना लेबलवरचे स्टार बघाल तेव्हा वर्षही बघा. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले, तेव्हा आधीचा पाच स्टार चार स्टारवर आला. लेबलवरची वार्षिक युनिटं 1600 तासांच्या वापरासाठी असतात. आपले तास मोजून त्या प्रमाणात हिशेब करा, मगच महागडा घ्यायचा की नाही ते ठरवा.

एवढं सगळं तपासूनही बिल पटत नसेल तर ते न भरता बसून राहू नका. लेखी तक्रार द्या, मीटर तपासणीची मागणी करा, पोचपावती घ्या. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार वादातली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. अर्जासोबत मीटरचे तारीखवार फोटो आणि मागच्या वर्षीच्या मेचं बिल जोडा.