डोस राहिलाय? कार्ड घ्या आणि उपकेंद्रात या

मी देवगड तालुक्यात उपकेंद्राची सिस्टर आहे. गणपतीला चाकरमानी आले की लसीकरणाच्या दिवशी हमखास कानावर येतं, "सिस्टर, कार्ड मुंबईला राहिलं." म्हणून आधी हे करा: बाळाच्या लसीकरण कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आई, बाबा आणि आजी, तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मुंबईत सुरू केलेले डोस गावात मोफत पुढे चालू ठेवता येतात. मध्ये खंड पडला तरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागत नाही. पण लशींना वयाची मर्यादा असते. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस वर्षाच्या आतच व्हायला हवा. त्यामुळे "शिमग्याला आलो की बघू" नको.

जन्मानंतर 24 तासांत हेपॅटायटिस बी, सोबत बीसीजी आणि पोलिओचे थेंब. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिने. बाळंतिणीचा सव्वा महिना सरला की लगेच दीड महिन्याचा डोस येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, दीड वर्षाला बूस्टर. सगळ्यात जास्त विसरतात ते पाचव्या वर्षाचं डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि 10 व 16 वर्षांचं टीडी (धनुर्वात, घटसर्प), कारण तोवर कार्ड कपाटाच्या तळाशी गेलेलं असतं.

दीड महिन्याला बाळाच्या डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस आणि उजव्या दंडावर पोलिओचं इंजेक्शन देतात. शिवाय पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरच्या लशीचे) थेंब. आजी घाबरतात, "गो बाय, एकदम तीन इंजेक्शना कित्याक?" पेंटाच्या एका टोचणीतच घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपॅटायटिस बी आणि हिब (या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया, मेंदुज्वर) अशा पाच आजारांपासून संरक्षण मिळतं. बाकीच्या लशी पुढे ढकलल्या तर तेवढे दिवस बाळ उघड्यावर राहतं. साध्या सर्दी-खोकल्यासाठीही डोस थांबवू नका.

पावसात वीज गेली की लस खराब झाली असेल, ही शंका रास्त आहे. बाटली दाखवा म्हणून बिनधास्त सांगा. पोलिओच्या बाटलीवर एक वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. तो वर्तुळाइतका गडद झाला असेल तर ती बाटली आम्ही वापरत नाही.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, बाळाला अंगावर पाजा. रात्री ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉल सिस्टरने सांगितलं तेवढंच द्या. मांडीवर शेक, हळद, खोबरेल काही नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वण राहतो. तो तसाच असायला हवा, त्याला हात लावू नका. मात्र फिट आली, बाळ मलूल पडलं किंवा तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं तर लगेच दवाखाना गाठा.

आता मोठ्यांचं. गरोदरपणात टीडी चुकवू नका. गळ, पत्रा, कालवं यांनी हातपाय कापणाऱ्यांनी दर 10 वर्षांनी टीडी घ्यावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, पुरुषमंडळी घरी असतात. तेव्हाच त्यांना घेऊन या. कुत्रा चावला तर जखमेवर चुना-मिरची न लावता साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात या. तिथे त्वचेत देतात त्या रेबीज लशीचे डोस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी असतात. जखम भरली म्हणून शेवटचा सोडू नका.