फायरफॉक्समधले पासवर्ड कुलूपबंद केले

घरातला लॅपटॉप सगळेच वापरतात. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड मात्र कोणीही सेटिंग्जमध्ये जाऊन, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून सरळ वाचू शकत होतं. ब्राउझरमध्ये पासवर्ड ठेवणं सोडायचं नव्हतं. कारण ब्राउझर साइटचा पत्ता तपासूनच पासवर्ड भरतो. हुबेहूब दिसणारी बनावट साइट माणसाला फसवते, पण पत्ता वेगळा असेल तर ब्राउझर तिथे पासवर्ड आपणहून भरत नाही. ही सोय मला फार मोलाची वाटते.

उपाय फायरफॉक्समध्येच होता: प्रायमरी पासवर्ड, म्हणजे बाकीच्या साठवलेल्या पासवर्डना कुलूप लावणारा एक मुख्य पासवर्ड. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा, पासवर्डच्या भागात हा पर्याय सापडेल. 2020 पर्यंत याला मास्टर पासवर्ड म्हणत. तो ठेवला की साठवलेले पासवर्ड त्याच्या आधाराने एन्क्रिप्ट होतात, म्हणजे न वाचता येणाऱ्या रूपात बदलतात. ब्राउझर उघडल्यावर पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा तो विचारला जातो, मग बंद करेपर्यंत त्रास नाही. म्हणून जागेवरून उठताना फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा, नुसता टॅब नव्हे.

मी पाच-सहा असंबद्ध शब्द जोडून लांबलचक वाक्यांश ठेवला आणि कागदावर लिहून कपाटात ठेवला. हे गरजेचंच आहे, कारण तो विसरलात तर रीसेट करता येतो, पण साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. सिंक (साठवलेली माहिती आपल्या इतर उपकरणांवर नेणारी सोय) चालू असलं तरी प्रायमरी पासवर्ड दुसऱ्या संगणकावर जात नाही, तिथे वेगळा ठेवावा लागतो.

बॅकअपसाठी काढलेली पासवर्डची यादी, म्हणजे सीएसव्ही फाइल, मात्र साध्या मजकुरात असते, कोणीही उघडून वाचू शकतं. ती काम झाल्यावर लगेच डिलीट करा, रीसायकल बिनमधूनसुद्धा.