नाशिकच्या पोराला बाईक रेसर व्हायचंय? आधी जपानी पोरांचा रस्ता बघा

गंगापूर रोडला रात्री अकराला गाडी दामटली म्हणजे रेसर होत नाही भाऊ, हे आधीच सांगून टाकतो. जपानी रेसर आई ओगुरा बघा, नाव आई असलं तरी पोरगा आहे हां, तिसऱ्या वर्षी छोट्या पॉकेट बाईकवर बसला, मग एशिया टॅलेंट कप ही नवोदितांची स्पर्धा, मग मोटो३, मोटो२ या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या खालच्या पायऱ्या, आणि २०२४ ला मोटो२ चा वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे २००९ ला जिंकलेल्या हिरोशी आओयामानंतर थेट हाच जपानी वर्ल्ड चॅम्पियन, आणि २०२५ ला मोटोजीपीत, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, एप्रिलिया कंपनीच्या गाडीवर.

आपण काय करायचं? कॉलनीतलं मोकळं मैदान गाठा, पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या दहा-बारा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढा, एकदम स्लो. नजर बाटलीवर नाही, जिथून बाहेर पडायचंय तिथे, कारण बघाल तिकडेच गाडी जाते. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, लिंबू पिळतो तसा हळूहळू वाढवत, कचकन दाबला तर चाक लॉक झालंच समजा. मी असाच मुरमावर आपटलोय, कोपराचं सालटं निघालं, घरी सांगितलं जिन्यावरून पडलो.

हात बसला की पैसे साठवून कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला ट्रेनिंगला जा. रेसला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स लागतं. खर्चाचं मात्र पप्पांशी तुम्हीच बोला.