कपाळावरची मुरुमं: आधी डोक्याचं तेल बघा

केसांच्या कडेला, कपाळावर आणि कानशिलांवर बारीक, एकसारख्या पुटकुळ्या येत असतील, तर पोटाला दोष देण्याआधी तेलाकडे बघा. रात्री चापून लावलेलं खोबरेल उशीवरून कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. माझं कोडं इथेच सुटलं. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला. मग शाम्पू, कंडिशनर आणि चेहरा सगळ्यात शेवटी, म्हणजे कंडिशनरचा थरही निघतो. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर तेही धुवायचं.

चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य फेसवॉशने. स्क्रबने सूज वाढते; लिंबू, टूथपेस्ट तर नकोच.

रात्री कोरड्या त्वचेवर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवर लावायचं औषध), मटारच्या दाण्याएवढं, पूर्ण कपाळाला पातळ. नुसते फोडांवर ठिपके दिल्याने नवे थांबत नाहीत. सुरुवातीला एक दिवसाआड, नाहीतर सालं निघतात. अभ्रा, टॉवेल पांढराच वापरा, या औषधाने रंगीत कापडाचा रंग उडतो. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि अनेक जण त्याआधीच कंटाळतात.

खोल, दुखऱ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम आधी लाली उतरवतं, मग स्वतःच मुरुमं आणतं.